विजोड दांड्या

सातवा दिवा परत करायला निघताना धाकटीने मनाशी पक्कं ठरवलं होतं, की यापुढे दिव्यांच्या दुकानाची पायरी चढायची नाही. चढायची नाही म्हणजे नाही. सहाव्या दिव्याच्या वेळीही तिने हेच ठरवलं होतं, पण ते सोडा.

"आता याचं काय बिनसलं?" दिवेवाल्याने खोकं बघूनच विचारलं. पहिल्या तीन दिव्यांपर्यंत तो 'या, बसा' म्हणत असे. चौथ्यापासून त्याने ते बंद केलं होतं.

"सावली पडते म्हणे."

"मागचा डोळ्यांत घुसत होता."

"हो."

"त्याच्या आधीचा पिवळा होता."

"तो पांढरा होता. पिवळा त्याच्याही आधीचा. भाऊ, मला सगळे पाठ आहेत, तुम्ही नका पाढा वाचू."

दिवेवाल्याने खोक्यातून दिवा काढला, लावून पाहिला, मान वाकवून पाहिली. दिवा झकास होता. दिवसासारखा स्वच्छ उजेड, वाटेल तसा वळणारा दांडा, वर भिंग. "बाई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण ताईंचे डोळे दाखवलेत का कुणाला?"

हाच प्रश्न धाकटीने वर्षभरात घरी किमान शंभर वेळा विचारला होता. पण परक्या माणसाने विचारल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही दिव्याचं बोला," ती म्हणाली, आणि आठवा दिवा घेऊन घरी आली.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि त्यात दोघी बहिणी. थोरलीने एका मोठ्या गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढली होती. शेकडो भोकं, शेकडो दोऱ्या, ही दोरी त्या भोकात, ती दोरी या भोकात, आणि तोंडाने अखंड 'जोडून देते हं'. धाकटी अजून नोकरी करत होती, दवाखान्याला लागून असलेल्या औषधांच्या दुकानात, काउंटरवर. तिच्या मागच्या फळ्यांवर एक खोकं दुसऱ्याच्या पुढे आलेलं कुणी कधी पाहिलं नाही. दोघींचे संसार केव्हाच आटोपले होते आणि गेली बारा वर्षं त्या एकमेकींच्या डोक्याला ताप देत सुखाने राहत होत्या.

थोरली लेस करायची. सुईची नाही, क्रोशाचीही नाही. मांडीएवढी घट्ट भरलेली उशी, तिच्यावर भोकं पाडलेला जाड कागद, भोकांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांवरून खाली लोंबणारे दोरे. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बॉबिन. शिलाई मशीनमधली चकती नव्हे, पेन्सिलीएवढी लाकडी दांडी. वर मानेला दोरा गुंडाळलेला, खाली वजनाला मणी. घरात दोघी त्यांना दांड्याच म्हणायच्या. एका वेळी चार दांड्या हातात घ्यायच्या, मधल्या दोघींची अदलाबदल करायची, मग जोडीजोडीला पीळ द्यायचा. अदलाबदल, पीळ, टाचणी. सगळी लेस एवढ्यावरच चालते. उशीवर अठ्ठेचाळीस दांड्या असायच्या आणि थोरलीचे हात चालू झाले की खोलीत टकटक टकटक असा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज चालू असला की धाकटीला स्वयंपाकघरात बसल्या बसल्या कळायचं, की आज बाईसाहेबांचा जीव ठिकाणावर आहे. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर थोरली खिडकीशी नुसती बसून असायची. जेव म्हटलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. लेसने तिला त्यातून उठवलं होतं. ही लेस सुटली तर ती पुन्हा तशीच बसेल, हे धाकटीला माहीत होतं आणि तिची खरी भीती तीच होती. म्हणून तर ती मुकाट दिवे बदलत फिरायची. मुकाट म्हणजे आपली तिच्या मानाने मुकाट.

"बघ, हा कसा वाटतो," तिने आठवा दिवा उशीच्या डाव्या अंगाला लावून दिला.

थोरलीने उशीवर मान वाकवली. मग नेहमीप्रमाणे तोंड जरा वळवून खिडकीकडे बघितल्यासारखं केलं. ही तिची नवीनच खोड होती.

"तिकडे काय बघतेस? काम इथे आहे."

"बघते कुठेही. हा बरा आहे."

"बरा आहे म्हणजे आठ दिवस बरा आहे की कायमचा बरा आहे?"

"तुझी कटकट संपली की सांगते."

आणि दिव्यांचं एक वेळ परवडलं, दांड्यांचं काय करायचं? जगात लोक बॉबिन जमवतात. हौस असते, हरकत नाही. पण जमवणारी माणसं जोड्या जमवतात, संच जमवतात, काचेच्या कपाटात ओळीने लावतात. थोरली जमवायची ती एकेकटी आणि एकीसारखी दुसरी नाही. एक जाड, एक बारीक. एकीला खाचा, एकीला गाठ. एक पितळी तारेने आवळलेली, एक तिरकीच कातलेली, एक हाडाची, एक कुणीतरी दातांनी चावलेली. मणी तर विचारूच नका. एकीला गोल, एकीला चौकोनी, एकीला चक्क कोटाचं बटण. गावाबाहेरच्या रस्त्याला एक कातारी होता, तो लाकडं कातून दांड्या करायचा आणि जुन्या दांड्यांचा शौकीनही होता. थोरली महिन्यातून एकदा त्याच्याकडे जायची आणि त्याच्या टाकाऊ पेटीतून हटकून एखादी वेडीवाकडी उचलून आणायची.

"अगं, निदान दोन तरी सारख्या घे," धाकटी म्हणायची. "उशी आहे की भंगाराचं दुकान?"

"तुला काय करायचंय?"

शिवाय हल्ली थोरलीने दोरा जाड घ्यायला सुरुवात केली होती आणि कागदाला भोकंही अशी मोठी पाडायची, की कागदाची चाळण व्हायची. धाकटीने त्यावरही तोंडसुख घेतलं. या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं, ही बोर्डावरची जुनी सवय थोरलीने मोडली नव्हती. बोलणं आलं तसं गेलं.

मग थोरलीचा वाढदिवस जवळ आला आणि धाकटीच्या डोक्यात किडा वळवळला.

थोरली चार दिवस बोर्डावरच्या जुन्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती. धाकटीने कातारीकडे आधीच सांगून ठेवलं होतं. अठ्ठेचाळीस दांड्यांचा संच, सगळ्या एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या, सगळ्यांना एकसारखे निळे मणी. असा देखणा, की बघत राहावं. बदल्यात तिने सगळ्या जुन्या विजोड दांड्या त्याला द्यायच्या, असं ठरलं. शनिवार-रविवार ती उशीला चिकटून बसली. आठवा दिवा लावला. एक दांडी उचलायची, दोरा उलगडायचा, नव्या दांडीच्या मानेवर गुंडाळायचा, वरून फास टाकायचा, जागच्या जागी ठेवायची. मग दुसरी. एकही दोरा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पाठीचा काटा ढिला झाला, बोटं आखडली, पण सोमवारी सकाळी उशीवर अठ्ठेचाळीस दांड्या अशा झोपल्या होत्या, की तिला स्वतःच्याच हातांचा मुका घ्यावासा वाटला. जुन्या दांड्या एका पिशवीत भरून ती कातारीला देऊन आली आणि देताना म्हणाली, "सुटले बाई एकदाची."

थोरली संध्याकाळी आली. चहा झाला. धाकटी दारात उभी राहून वाट बघत होती. थोरली उशीपुढे बसली, दिवा न लावताच हात पुढे केला आणि चार दांड्या उचलल्या. हात थांबले. तिने त्या ठेवल्या, दुसऱ्या चार उचलल्या. त्याही ठेवल्या. मग दोन्ही हात उशीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले.

"कशा आहेत?" धाकटीला राहवेना. "वाढदिवसाच्या आहेत. एकूण एक सारख्या!"

थोरलीने अदलाबदल केली, पीळ दिला, पुन्हा अदलाबदल केली. दोन दांड्या भलतीकडच्याच आल्या होत्या. धाकटीला दारातूनही दिसत होतं. "अगं, ती नाही, पलीकडची," ती म्हणाली. थोरलीने अलीकडची घेतली. दोऱ्यांचा गुंता झाला. मग थोरली उठली, उशीवर जुना टॉवेल टाकला आणि म्हणाली, "झालं. पुरे आता लेस."

"पुरे म्हणजे?"

"पुरे म्हणजे पुरे. कंटाळा आला."

आता मात्र धाकटीचा बांध फुटला. दोन दिवस पाठ मोडून बसले मी. आठ दिवे आणले, त्या दिवेवाल्याची बोलणी खाल्ली. एवढं करून तुझं आपलं नाक वर! आवडल्या नाहीत तर तसं सांग, पण हा काय तमाशा? कुणाचं भलं करायला जाऊ नये, हेच खरं! थोरली खिडकीशी जाऊन बसली होती. एवढं सगळं ऐकून ती इतकंच म्हणाली, "सगळ्या सारख्याच लागतात गं."

"सारख्या आहेत म्हणून तर घेतल्या!"

थोरलीने रेडिओ लावला.

पुढे नऊ दिवस उशीवरचा टॉवेल हलला नाही. जेव म्हटलं तर ती जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. घरात टकटक नाही, भांडण नाही, काही नाही. धाकटीने आधी अबोला धरून पाहिला, मग आपणहून बोलून पाहिलं, मग नववा दिवा आणू का, असंही विचारलं. स्वतःच्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकून तिने कपाळावर हात मारला. थोरली म्हणाली, "नको. आता कशाला?" दिवा नको म्हणणारी थोरली धाकटीला ठाऊकच नव्हती.

दहाव्या दिवशी दुपारी काउंटरवर जाड चष्म्याचे एक आजोबा आले. नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांना दोन औषधं होती, सकाळचं वेगळं, रात्रीचं वेगळं, आणि कंपनीने बाटल्या मात्र सारख्या काढल्या होत्या.

"बाई, तेवढं ते तुमचं रबर लावून द्या," आजोबा म्हणाले. "नाहीतर दोन्ही सारख्याच लागतात हाताला."

"देते ना. ही बघा, रबरवाली रात्रीची. बिनरबराची सका..."

धाकटीचा हात रबराच्या डब्यातच राहिला. बावीस वर्षं ती हे करत होती. अधू डोळ्यांच्या माणसांच्या बाटल्यांना रबर लावायचं, एखादीच्या झाकणाला खाच पाडायची, एखादीला दोरा बांधायचा. शेकडो लोकांना तिने असं करून दिलं होतं. आणि घरी थोरली म्हणाली होती, सारख्याच लागतात. दिसतात म्हणाली नव्हती. लागतात म्हणाली होती. खाचेची एक, गाठीची एक, तारेची एक, बटणाची एक. आणि या शहाणीने बसून, दिवा लावून, पाठ मोडून, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रबरं काढून टाकली होती!

"बाई," आजोबा म्हणाले, "बरं वाटत नाही का?"

घरी पोचल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. "किती दिवस झाले?" तिने विचारलं.

थोरलीने रेडिओ बंद केला. कशाचे, असं तिने विचारलं नाही. "दोन वर्षं. तू कामावर असताना डॉक्टरकडे जाऊन आले. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. त्याचं काही फार वाईट नाही वाटत."

"गंमत करू नकोस! उपाय?"

"आहे ते टिकवायच्या गोळ्या. गेलेलं येत नाही म्हणाले. चष्म्याने नाही आणि दिव्याने तर नाहीच."

"दिव्याने नाही?" धाकटीचा आवाज चिरकला. "आठ दिवे, ताई! मी वेड्यासारखी खोकी घेऊन धावतेय, तो माणूस मला बघून शटर ओढायला लागलाय, आणि तुला माहीत होतं?"

"पहिले दोन खरे होते. नवा दिवा आला की एखादा दिवस वाटायचं, दिसेल. पुढचे तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तू दिव्यांच्या मागे होतीस तोवर उशीच्या मागे लागली नव्हतीस. नाहीतर तू उशीच काढून घेतली असतीस. 'डोळ्यांना ताण नको, ताई. आराम कर, ताई.' घेतली असतीस की नाही, खरं सांग."

धाकटीने खरं सांगितलं नाही, कारण घेतली असती. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. रडता रडता चिडली. "मोठे दिवे लावलेस!" ती म्हणाली. "एक शब्द बोलली असतीस तर जीव जात होता का तुझा?"

"तूही काही कमी उजेड पाडला नाहीस," थोरली म्हणाली. "कुठे आहेत माझ्या दांड्या?"

दुसऱ्या दिवशी धाकटीने कामावर दांडी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कातारीने डोकं खाजवत एक पेटी पुढे ओढली. "यातच ओतल्या होत्या," तो म्हणाला. पेटीत पाचसातशे दांड्या असतील. जाड, बारीक, मोडक्या, बिनमण्यांच्या. धाकटीने वाकून पाहिलं आणि तिचा धीर सुटला. दोन दिवस त्या दांड्या तिने एकेक करून हातात घेतल्या होत्या, पण आता त्यातली एकही ओळखता येईना. भंगार म्हणून बघितलेली वस्तू लक्षात कशाला राहते?

"स्टूल दे," थोरली कातारीला म्हणाली.

ती बसली, बाह्या वर केल्या आणि पेटीत कोपरापर्यंत हात घातले. डोळे मिटून घेतले. आता सोंग करायची गरज नव्हती. हात पेटीत फिरत राहिले आणि थोड्या वेळाने एक दांडी बाहेर आली. "ही हेडबाई. बोर्डावरची. मानेला जाड." ती धाकटीच्या हातात आली. "हे मॅनेजर. वाकडे. हे आपले बाबा, बघ, कशी गुळगुळीत आहे, कुठे म्हणून टोचत नाही. ही चावलेली म्हणजे खालच्या मजल्यावरची." कातारी काम सोडून बघत उभा राहिला. धाकटी पिशवी धरून उभी होती आणि मोजत होती, कारण मोजलं नसतं तर तिला पुन्हा रडू आलं असतं. दहा. एकवीस. चाळीस. चुकीची अशी एकही दांडी निघाली नाही. सत्तेचाळीसला थोरलीचे हात पेटीच्या तळाशी गेले, चारी कोपरे फिरले, पुन्हा फिरले आणि रिकामे वर आले.

"माझी धाकटी कुठे आहे?" तिने विचारलं.

"ही काय," कातारी गोंधळून म्हणाला, "तुमच्या शेजारी उभी आहे."

"ही नव्हे. वाजते ती."

"ही पण काही कमी..." कातारीने धाकटीकडे पाहून वाक्य गिळलं. मग त्याचा चेहरा पडला. तो भिंतीवरच्या काचेच्या कपाटाशी गेला. आत छोटा दिवा लावलेला होता आणि त्याखाली मखमलीवर हाडाची एक दांडी ठेवली होती. तिच्या अंगातूनच कातलेल्या तीन सुट्या कड्या तिच्याभोवती खेळत होत्या. "ताई, असं काम आता कुणी करत नाही," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "ही वापरायची नसते हो. ही ठेवायची असते."

"ठेवायची म्हणजे? दिवसभर कटकट करायला केलीय तिला. आण इकडे."

त्याने आणून दिली. थोरलीने ती कानाशी नेऊन हलवली. कड्या वाजल्या. "कडेला टाचणी लावायच्या जागेला ही लागते मला," ती म्हणाली. "सगळं काम फिरून हिच्यापाशी येतं. ही वाजली नाही तर मला कळतच नाही मी कुठे आहे."

धाकटीने पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं.

घरी येऊन तिने टॉवेल काढला, गुंता सोडवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवी दांडी सोडायची, दोरा उलगडायचा, जुन्या दांडीवर गुंडाळायचा. कुठली दांडी कुठे, ते थोरली शेजारी बसून सांगत होती. "हेडबाई डावीकडून तिसऱ्या. मॅनेजरांना टोकाला टाक, तिथेच बरे." वीस-बावीस झाल्या तोवर आभाळ भरून आलं आणि खोलीत अंधारून आलं. धाकटी डोळे ताणताणून फास टाकत होती. एक फास सुटला, दुसराही सुटला आणि ती वैतागून "छे!" म्हणाली.

थोरली उठली. भिंतीला हात लावत गेली, आठवा दिवा घेऊन आली, उशीच्या कडेला ठेवला, बटण चाचपून लावला आणि त्याची मान धाकटीच्या हातांवर वळवली.

"नीट पडतोय का उजेड, ते तूच सांग," ती म्हणाली. "मला नाही दिसत."

धाकटीने मान वर केली नाही. "थोडा डावीकडे घे," ती म्हणाली, आणि थोरलीने तो थोडा डावीकडे घेतला.